छताखाली एकेकट्याने मेलेल्यांची बेरीज

जानेवारी १८६२ मध्ये इंग्लंडच्या नॉर्थंबरलँड परगण्यातल्या हार्टली खाणीत पाणी उपसणाऱ्या इंजिनाची ओतीव लोखंडाची तुळई मोडली आणि खाणीच्या एकुलत्या एका विहिरीत कोसळली. वर येण्याची वाटच बुजली. २०४ माणसे आणि पोरे मेली. सगळा देश हळहळला, निधी गोळा झाला, आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टपर्यंत ब्रिटिश संसदेने कायदा केला की कोळसाखाणीला बाहेर पडण्याच्या किमान दोन वाटा हव्यात. कायदा चांगला होता, त्याने पुढे पुष्कळ जीव वाचवले. पण त्याच साली त्याच देशाच्या खाणींत छत किंवा कोळशाची कडा अंगावर येऊन जितके लोक मेले, त्यांची संख्या हार्टलीच्या मृतांपेक्षा बरीच मोठी होती. त्यांच्यासाठी संसदेत काही हलले नाही. ते एका दिवशी, एका जागी मेले नव्हते, एवढाच त्यांचा दोष.

हा अपवाद नव्हे, खाणकायद्याचा सगळा इतिहास असाच चालत आला आहे. १८१२ साली फेलिंग खाणीत स्फोट होऊन ९२ जण गेले आणि तीन वर्षांत खाणीतला ज्वालाग्राही वायू पेटू न देणारा सुरक्षा-दिवा तयार झाला. १९०७ च्या डिसेंबरात अमेरिकेत मोनोंगा खाणीत ३६२ आणि त्याच महिन्यात डार खाणीत २३९ माणसे स्फोटात मेली, आणि १९१० मध्ये तिथे केंद्रीय खाण विभाग उभा राहिला. या विभागाने सुरुवातीची वर्षे मुख्यतः वायू, कोळशाची धूळ, सुरुंगाची दारू आणि बचावपथके यांवर घालवली. तेही गरजेचे होते, पण मृत्यूच्या नोंदी वेगळेच सांगत होत्या. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ब्रिटनच्या खाणींत वर्षाला हजाराच्या आसपास माणसे मरत, आणि त्यांतली पाचांतली दोन ते जवळजवळ निम्मी छत आणि कडा कोसळून. अमेरिकेत १९०० पासून कोळसाखाणींत लाखावर लोक मेले, त्यांतलेही सुमारे निम्मे छताखाली. वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर आला तो स्फोट. छताखाली गेलेला माणूस निरीक्षकाच्या वार्षिक अहवालात एका ओळीत उरला: नाव, वय, खाण, ‘छत पडून’.

त्या ओळीपुढे बहुतेक वेळा दोनच स्पष्टीकरणे येत. एक, दैव. दुसरे, मृताचा निष्काळजीपणा, म्हणजे टेकू लावायला हवा होता आणि त्याने लावला नाही. ही दोन्ही स्पष्टीकरणे मला चुकीची वाटतात, आणि दुसरे तर अन्यायाचेही. छताखालचे बहुसंख्य मृत्यू मजुरी ठरवण्याच्या पद्धतीतून आणि टेकू कधी लावायचा हा निर्णय कोणावर सोडला यातून घडले. हे कळायला आधी छत पडते कसे ते पाहावे लागते.

जमिनीखाली दोनशे मीटरवर कोळसा काढून पोकळी केली म्हणजे वरचा दोनशे मीटरचा सगळा खडक त्या पोकळीच्या छतावर बसतो, असे नाही. बहुतेक भार आजूबाजूच्या न काढलेल्या कोळशावर सरकतो. लोंबकळत राहतात ते पोकळीच्या लगत वरचे थर, कधी वीतभर जाडीचे, कधी दोन-तीन मीटर. हे थर शेलचे, म्हणजे चिखल घट्ट होऊन बनलेल्या खडकाचे, असतील तर पानापानांचे असतात. खालचा थर आपल्याच वजनाने वाकतो, वरच्यापासून सुटतो, दोन्ही कडांना तडकतो आणि खाली येतो. म्हणून टेकूला डोंगर पेलायचा नसतो. त्याने खालचा थर वरच्यापासून सुटू द्यायचा नसतो, एवढेच त्याचे काम. पण ते वेळेत व्हावे लागते. थर सुटण्याआधी लावलेला साधा लाकडी टेकू जे काम करतो, ते थर सुटल्यावर लावलेल्या चार टेकूंनी होत नाही, कारण तोवर ते तुटलेला दगड हातावर झेलत असतात. कोळसा काढून झाल्यापासून टेकू बसेपर्यंतचा वेळ हाच धोक्याचा वेळ.

पडणारा तुकडा फार मोठा असावा लागत नाही. दोन मीटर लांब, दीड मीटर रुंद आणि तीस सेंटिमीटर जाड अशी शेलची लादी घेतली तरी तिचे वजन सव्वादोन टनांच्या आसपास भरते. पिट्सबर्गच्या प्रसिद्ध कोळशाच्या थरावर साधारण फूटभर जाडीचा ठिसूळ शेलचा पट्टा असे. खालचा कोळसा निघाला की हा पट्टा सुटायचाच, प्रश्न केवळ कधी सुटणार याचा. जाणता कामगार तो आधीच पहारीने पाडून टाकी. पण पाडलेला दगड उचलून बाजूला रचायचा, आणि त्याचे पैसे बहुतेक ठिकाणी मिळत नसत. या मुद्द्याकडे पुढे वळतोच.

काही छते मात्र कोणत्याही जाणत्याला चकवत. कोळशाच्या युगातली, तीस कोटी वर्षांपूर्वीची झाडे जागच्या जागी चिखलात गाडली गेली. खोड आतून कुजून पोकळ झाले, त्यात गाळ भरला आणि त्याचा दगड झाला. साल मात्र कोळशाच्या पातळ, गुळगुळीत पापुद्र्यात बदलली. झाड बुंध्याशी रुंद आणि वर निमुळते, त्यामुळे छतात हा दगडी बुंधा रुंद तोंड खाली करून बसलेला असतो. भोवतीच्या सालीच्या पापुद्र्याला पकड जवळजवळ नसतेच. खालचा कोळसा हा त्याचा एकमेव आधार. तो निघाला की बुंधा सुटतो. करकर नाही, माती झडत नाही. खालून बघणाऱ्याला दिसते ती छतावरची एक काळी गोल रेघ, तीही दिव्याचा उजेड तिरपा पडला तर. शेकडो किलोंचा असा दगड खाली वाकून काम करणाऱ्याच्या पाठीवर येई. अमेरिकन खाणकामगारांनी याला किटलीचे बूड असे नाव दिले होते, ब्रिटनमध्ये घंटेचा साचा. नावे पडण्याइतकी ही गोष्ट नेहमीची होती.

छत तपासायची जुनी रीत ठोकून पाहण्याची. टिकावाचा दांडा किंवा पहार छतावर आपटायची. खणखणीत आवाज आला तर दगड घट्ट, बद्द आवाज आला तर सुटलेला. सावध माणूस दुसऱ्या हाताची बोटे छताला टेकवून थरथर जाणवते का तेही बघे, कारण कधी कधी कानाला न कळणारी हालचाल बोटांना कळते. ही रीत टाकाऊ नव्हे, तिने पुष्कळांना वाचवले. पण तिच्या मर्यादा ठाऊक असूनही तिच्यावर अख्ख्या सुरक्षेचा डोलारा उभा केला गेला, इथे चूक झाली. सुटलेला थर बराच जाड असेल तर तोही खणखणीत वाजतो. वर सांगितलेला बुंधाही पडण्याच्या क्षणापर्यंत घट्ट वाजू शकतो. सकाळी घट्ट वाजलेले छत दुपारी तसेच राहील याचीही खात्री नाही, कारण मधल्या काळात कोळशाचे तोंड, म्हणजे जिथे खणणे चालू असते ती बाजू, पुढे गेलेले असते आणि दमट हवेने शेल फुगून सुटू लागलेला असतो. अमेरिकेत उन्हाळ्याची दमट हवा खाणीत शिरली की छते जास्त पडत, हे तिथले जुने निरीक्षण आहे.

सुरक्षा-दिव्याची यात एक कटू बाजू आहे. जाळीत कोंडलेली त्याची ज्योत वायू पेटू देत नसे, पण उजेड मेणबत्तीहूनही कमी देई. ज्या भेगा आणि काळ्या रेघा डोळ्यांनी टिपायच्या, त्याच त्या उजेडात दिसेनाशा होत. स्फोटाचा धोका कमी करणाऱ्या साधनाने छताचा धोका वाढवला, ही तक्रार खाणकामगार पिढ्यान्‌पिढ्या करत होते. तिच्यावर खरा उपाय विजेचे टोपीदिवे आल्यावरच झाला.

आता टेकू. खाणीतला लाकडी टेकू म्हणजे कुठलाही ओंडका नव्हे. उंचीच्या दर फुटामागे साधारण एक इंच व्यास, हा जुना अंदाज. सहा फूट उंचीला सहा इंच जाडीचा टेकू. तो सरळ तंतूंचा, सालीखाली न किडलेला हवा. खाली भुगा असेल तर झाडून पक्क्या तळावर उभा करायचा, नाहीतर भार येताच तो तळात रुततो आणि वरचा थर तेवढा खाली बसतो. डोक्यावर मऊ लाकडाची आडवी फळी, आणि ती पाचर ठोकून घट्ट करायची. फळीचे काम दुहेरी असते. ती भार पसरवते, आणि भार वाढू लागला की आधी तीच चिरडते, म्हणजे इशारा देते. टेकू छताला आणि तळाला काटकोनात हवा. थर तिरपा असेल तर थोडा चढाच्या बाजूला कलता. पाइन आणि स्प्रूसचे टेकू मोडण्याआधी करकरतात, तंतू तुटण्याचा आवाज येतो, म्हणूनच लोखंडी टेकू आल्यावरही पुष्कळ कामगारांचा जीव लाकडात अडकला होता. हे लाकूड ब्रिटनमध्ये मोठ्या प्रमाणावर बाहेरून येई, बाल्टिक किनाऱ्याहून, स्कँडिनेव्हियातून, आणि दक्षिण वेल्सच्या खाणींसाठी फ्रान्समधून. पहिल्या महायुद्धात ही वाहतूक अडली तेव्हा टेकूंच्या लाकडाचा एवढा तुटवडा झाला की १९१९ मध्ये ब्रिटनने वनआयोग नेमला, त्यामागे हेही एक मोठे कारण होते. युद्धासाठी कोळसा लागतो आणि कोळशासाठी टेकू, हा हिशेब सरकारला तेव्हा बरोबर जमला.

माणसाच्या जिवाचा हिशेब मात्र मजुरीच्या तक्त्यात हरवला होता. ब्रिटन आणि अमेरिकेच्या बहुतेक खाणींत कोळसा काढणाऱ्याला टनामागे पैसे मिळत. टेकू आणणे, मापात कापणे, तळ झाडणे, फळी आणि पाचर बसवणे, सुटलेला दगड पाडून बाजूला रचणे या कामांना अमेरिकेत ‘मृत काम’ म्हणत, कारण त्यातून कोळसा निघत नसे आणि म्हणून बहुधा पैसाही. एका टेकूमागे अर्धा तास सहज जाई. लाकूड शंभर मीटर मागे पडलेले असेल, किंवा आखूड निघाले, तर त्याहून जास्त. तेवढ्यात कोळसा वाहून नेणाऱ्या छोट्या गाडीचा एक डबा भरून झाला असता. त्यातच रिकामे डबे पाळीपाळीने मिळत. आलेला डबा वेळेत भरला नाही तर पुढचा कधी येईल याचा भरवसा नाही.

अशा वेळी कामगार छताकडे बघतो, ठोकतो, छत बरे वाटते, आणि तो ठरवतो की आधी हा डबा भरू, मग टेकू. बहुतेक वेळा छत पडत नाही. दर वेळी न पडलेले छत त्याला शिकवते की एवढा उशीर चालतो. ही सवय मूर्खपणाची म्हणता येणार नाही, ज्या व्यवस्थेत त्याला उभे केले होते तिने शिकवलेला तो शहाणपणाच होता. मग एक दिवस ते पडते. चौकशीत विचारले जाते की टेकू का लावला नव्हता. टेकू लावायचे त्याला किती पैसे मिळणार होते, लाकूड किती अंतरावर होते, त्या पाळीत किती डबे भरायची अपेक्षा होती, हे क्वचितच विचारले जाई. निकाल ठरलेला: अपघाती मृत्यू.

या निकालाला पैशाची किंमत होती, आणि ती मृताच्या घराने चुकवली. ब्रिटनमध्ये १८३७ च्या प्रीस्टली विरुद्ध फाउलर या खटल्यापासून असा सिद्धांत रुजला की सहकामगाराच्या चुकीने झालेल्या इजेला मालक जबाबदार नाही. अमेरिकन न्यायालयांत त्याच्या जोडीला आणखी दोन पळवाटा होत्या: कामगाराने धोका जाणूनच काम पत्करले, आणि त्याचाही थोडा दोष होता. छताखालच्या मृत्यूला या तिन्ही पळवाटा तंतोतंत बसत. दोषाचा विचार न करता भरपाई देणारा कायदा ब्रिटनमध्ये १८९७ ला आला, अमेरिकेच्या बहुतेक राज्यांत १९११ नंतर. तोवर छत पडणे मालकाला जवळजवळ फुकट होते. ज्या गोष्टीचा खर्च मालकाच्या वहीत येत नाही ती थांबवण्यासाठी तो लाकूड आणि मजुरी खर्च करणार नाही, हे समजायला मालक दुष्ट असावा लागत नाही.

कायद्याने छताकडे अजिबात पाहिले नाही असे मात्र म्हणता येणार नाही. ब्रिटनच्या १८८७ च्या कायद्यात नियम होता की टेकू कामगारच लावत असतील तर लाकूड त्यांच्या कामाजवळ सोयीच्या जागी ठेवावे, आणि कोळशाखाली खाच मारताना लावायचे छोटे टेकू, जिथे ते ‘आवश्यक’ असतील तिथे, सहा फुटांपेक्षा दूर नसावेत. सगळी मेख ‘आवश्यक’ या शब्दात होती. आवश्यक कुठे, हे ठरवायचे कोळशाच्या तोंडाशी बसलेल्या, टनावर पोट असलेल्या माणसाने. १८५० मध्ये खाणनिरीक्षणाचा कायदा झाला तेव्हा सगळ्या ब्रिटनला चार निरीक्षक नेमले होते. पुढे संख्या वाढली, तरी निरीक्षक खाणीत पोचे तो बहुधा माणूस मेल्यानंतर.

निर्णय दुसऱ्याकडे गेला की काय होते, याचे पुरावे त्याच काळात समोर होते. नॉर्थंबरलँड आणि डरहॅममध्ये टेकू लावणे हे कोळसा काढणाऱ्याचे काम नव्हते. डेप्युटी नावाचा वेगळा, पगारी माणूस ते करी. तिथला छताखालचा मृत्यूदर दक्षिण वेल्सपेक्षा कमी असे. तिथला खडक बरा होता हेही खरे, म्हणून या तुलनेवर फार भार देऊ नये. त्याहून ठोस उदाहरण उत्तर फ्रान्समधल्या कुरिएर खाणींचे आहे. तिथे छत कसे दिसते, कसे वाजते, याचा विचार न करता ठरलेल्या अंतरावर टेकू आणि आडव्या तुळया लावण्याची सक्ती होती. शेवटच्या तुळईवरून लोखंडी सळया पुढे सरकवून कोळशाच्या तोंडापर्यंतचे छत आधी झाकले जाई आणि माणूस त्याखाली पुढचा टेकू लावी. म्हणजे तो धोक्याचा मधला वेळच जवळजवळ संपवला होता. तिथले छताखालचे मृत्यू इतके कमी होते की विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ब्रिटिश निरीक्षक ही पद्धत बघायला मुद्दाम गेले. याच कुरिएरमध्ये १० मार्च १९०६ ला कोळशाच्या धुळीचा स्फोट झाला आणि १,०९९ माणसे मेली. जगाने कुरिएर लक्षात ठेवले ते या स्फोटासाठी. छताबाबत तिथे जे साधले होते ते विस्मरणात गेले, आणि हे मला फार मोठे नुकसान वाटते.

ब्रिटनने १९११ च्या कायद्यात पद्धतशीर आधाराचे तत्त्व घेतले: व्यवस्थापकाने लेखी ठरवलेल्या अंतरावर टेकू, छत बरे वाटो वा न वाटो. तरी दोन महायुद्धांच्या मधल्या काळातही छत हाच खाणीतला सर्वांत मोठा मारेकरी राहिला. टेकूंच्या अंतराचा तक्ता भिंतीवर लागला, मजुरी टनावरच राहिली. यंत्राने कोळसा कापला जाऊ लागल्यावर तोंड झपाट्याने पुढे सरकू लागले आणि टेकू मागे पडू लागले.

अमेरिकेतल्या रूफ बोल्टची गोष्ट याहून बोलकी आहे. छतात भोक पाडून त्यात लांब पोलादी बोल्ट घालायचा, वरच्या टोकाला तो पक्का रुतवायचा आणि खाली पट्टी लावून आवळायचा, म्हणजे सुटू पाहणारे थर एकमेकांना शिवले जातात. १९४० च्या दशकाच्या अखेरीस खाण विभागाने या तंत्राचा जोरात प्रसार केला, आणि काही वर्षांत ते सर्वत्र पसरले. तंत्र उत्तम होते. तरीही पहिल्या दहा-बारा वर्षांत छताखालच्या मृत्यूंचे प्रमाण अपेक्षेइतके उतरले नाही. बोल्टमुळे टेकूंची अडचण गेली, मोठी यंत्रे फिरायला मोकळी जागा मिळाली, आणि सुरक्षेतला बराचसा फायदा उत्पादन वाढवण्यात खर्ची पडला. बोल्ट मारणारा स्वतः तर बिनआधाराच्या छताखालीच उभा असे. खरी घसरण लागली ती १९६९ च्या केंद्रीय कायद्यानंतर. प्रत्येक खाणीला छत-आधाराचा मंजूर आराखडा सक्तीचा झाला, आणि तात्पुरता आधार लावण्याचे काम सोडून बिनआधाराच्या छताखाली पाऊल टाकायला बंदी आली. पुढे बोल्ट मारणाऱ्या यंत्रालाच छत उचलून धरणारे हात बसवले गेले. २०१६ साली अमेरिकेच्या भूमिगत कोळसाखाणींत छत कोसळून एकही माणूस मेला नाही. हा कायदाही घडला तो १९६८ च्या फार्मिंग्टन स्फोटात ७८ जण मेल्यावर. छताखाली गेलेल्यांना न्याय मिळाला, पण दुसऱ्यांच्या प्रेतांच्या मागोमाग.

यावर एक आक्षेप नेहमी येतो की खडक बेभरवशाचा असतो, सगळे टाळता येत नाही. खडक बेभरवशाचा असतो हे मान्यच आहे. पण ते तर पद्धतशीर आधाराच्या बाजूचे सर्वांत जोरदार कारण आहे. छत ओळखता येत नसेल, तर ते ओळखण्यावर माणसाचा जीव टांगू नये. दुसरा आक्षेप असा की अनुभवी कामगाराच्या डोळ्यावर विश्वास ठेवायला हवा, वरून लादलेले नियम त्याचे कसब मारतात. या आक्षेपात तथ्य आहे. कसबी माणसाने तक्त्यापेक्षा जास्त टेकू लावले, किंवा काम थांबवून मागे सरला, तर त्याला तो हक्क आणि त्याचे पैसे दोन्ही मिळायला हवेत. तक्त्यापेक्षा कमी टेकू लावण्याचा हक्क कोणाच्याही कसबाला नको.

एकट्याच्या मृत्यूच्या चौकशीने कसे चालावे, हे यातून निघते, आणि ते खाणीपुरते नाही. मृताने काय केले हा प्रश्न नंतर. आधी हे नोंदवावे की आधार लावायचा निर्णय त्या क्षणी कोणाच्या हातात होता, त्याला त्या कामाचे वेगळे पैसे होते का, साहित्य हाताशी होते की लांब, त्या पाळीत किती काम मागितले होते, आणि त्याच जागी याआधी न मारता किती वेळा छत पडले होते. शेवटच्या प्रश्नाची वही बहुतेक खाणींत ठेवलीच जात नसे, कारण माणसाला न लागलेला दगड मोजायची कोणाला गरज वाटत नव्हती. शिवाय वर्षभरातले एकेकटे मृत्यू एकत्र मांडून, एकाच कारणाने गेलेल्या ४००-५०० माणसांची एक दुर्घटना म्हणून त्यांची चौकशी व्हायला हवी होती, हार्टलीची झाली तशी: साक्षी घेऊन, मालकांना उत्तर द्यायला लावून, आणि कायदा बदलेपर्यंत. ब्रिटनमध्ये १८५० नंतर दरवर्षी तेवढे मृत्यू कागदावर हजर होते. ते एका टेबलावर आणून ठेवायला कोणत्याही नव्या शोधाची वाट बघावी लागणार नव्हती.